पणजीला दोनच दिवस जाणार असाल, तर...

आईच्या कापडी पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि हळद-कुंकवाच्या पुड्या होत्या. कवळ्याची शांतादुर्गा आमची कुलदेवता. आईला तिची ओटी भरायची होती, बायकोला पणजीतल्या जुन्या गल्ल्या बघायच्या होत्या आणि मला दोन दिवस ऑफिस विसरायचं होतं. शुक्रवारी कोल्हापूरहून आंबोलीमार्गे निघालो आणि संध्याकाळी पणजीत पोचलो. रविवारी ती पिशवी जशीच्या तशी, नारळासकट कोल्हापूरला परत आली. असं का झालं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी म्हटलं, "कॅसिनोची बोट नुसती बघून तासाभरात येतो." मांडवीच्या काठावर तिकीट काढलं की छोटी होडी आपल्याला पात्रात उभ्या असलेल्या जहाजावर सोडते. माझ्या तिकिटातच खाणंपिणं आणि खेळायला थोड्या चिप्स होत्या. आत रात्रीचे नऊ आणि पहाटेचे चार यांत काही फरक नसतो. दिवे तेच, गारवा तोच, गर्दीही तीच.

मी रूलेटच्या टेबलाशी उभा राहिलो. शेजारच्या गृहस्थांनी युक्ती सांगितली: लालवर 500 लावा, हरलात तर दुप्पट करा, पुन्हा हरलात तर पुन्हा दुप्पट. कधीतरी लाल येणारच, आणि आला की मागचं सगळं वसूल. दीड तास अगदी तसंच घडलं. मी चार हजारांनी वर होतो. मग काळा आला आणि 500 गेले. 1,000 लावले, काळा. 2,000 लावले, काळा. 4,000 लावले, पुन्हा काळा. 8,000 लावले तेव्हा गोळी शून्याच्या हिरव्या घरात जाऊन बसली. पुढच्या 16,000 साठी क्रेडिट कार्डावर पैसे उचलले. काळा. सहा फेऱ्यांत 31,500 रुपये गेले.

हरलेला जुगारी दुप्पट खेळतो, ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. त्या रात्री मीच तो जुगारी होतो आणि मला ते कळत नव्हतं. गेलेले पैसे परत मिळवायचे म्हणून पहाटे पाचपर्यंत तिथेच राहिलो. उतरलो तेव्हा एकूण 46,000 रुपये गेले होते.

सकाळी आठ वाजता आई ठेवणीतलं पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन हॉटेलच्या खालच्या सोफ्यावर बसली होती. बायको मला उठवून थकली. आई तिला म्हणाली, "झोपू दे गं त्याला, बरं नसेल." मी दोन वाजता उठलो आणि संध्याकाळी खरं काय ते सांगितलं. रविवारी सकाळी कवळ्याला जाता आलं असतं, पण आईच म्हणाली, "अशा मनाने देवीपुढे नको. घरी चला." कार्डाचे पैसे मी सात महिन्यांत फेडले. ती शनिवारची सकाळ मात्र कुठल्याच हप्त्यात फिटली नाही.

त्यानंतर मी या गोष्टीचा नीट अभ्यास केला. तुम्हीही दोन दिवसांसाठी जाणार असाल, तर पुढचं जरूर वाचा.

आधी गणित समजून घ्या

माझ्या टेबलावर 37 घरं होती: 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. शून्य आलं की लालवाल्यांचेही पैसे जातात आणि काळ्यावाल्यांचेही. या एका घरामुळे लावलेल्या प्रत्येक 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोकडे राहतात. दोन शून्यं असलेल्या टेबलावर हाच आकडा 5 रुपये 26 पैसे होतो. दिसायला तो लहान आहे, पण तो खिशातल्या पैशांवर नाही, लावलेल्या एकूण पैशांवर लागतो. तासात 40 फेऱ्या 500 रुपयांनी खेळलात, तर 20,000 रुपये टेबलावरून फिरतात आणि सरासरी 540 रुपये जातात. जितका वेळ बसाल, तितकं हे वाढत जातं.

दुप्पट करण्याची युक्तीही याच हिशेबात अडकते. ओळीने सहा वेळा हरण्याची शक्यता सुमारे 55 मध्ये एक असते. रात्रभरात शेकडो फेऱ्या होतात, म्हणजे अशी ओळ कुणाच्या तरी वाट्याला येणारच. ती आली की सातवी पैज 32,000 ची होते. तिथे खिसा तरी संपतो, नाहीतर टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. मागच्या सहा फेऱ्या काय लागल्या, हे गोळीला ठाऊक नसतं.

पैसे आणि वेळ, दोन्ही आधी ठरवा

गेले तरी चालतील एवढेच पैसे रोख न्या. नाटकाचं तिकीट काढतो तसे ते खर्ची घातले, असं समजा. कार्ड हॉटेलवर ठेवा. क्रेडिट कार्डावर रोख उचलली की वेगळं शुल्क लागतं आणि व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतं. ओळखपत्र मात्र जवळ हवं. 21 वर्षांखालच्यांना खेळता येत नाही. तिकिटात मिळणाऱ्या चिप्सचे रोख पैसे मिळतात की त्या फक्त खेळायलाच चालतात, हे खिडकीवरच विचारा. जिंकलात, तर त्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर सेस लागतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

बोटीवर जायचंच असेल, तर शेवटच्या संध्याकाळी जा, पहिल्या रात्री नको. ज्यासाठी आलात ते तोवर झालेलं असतं, आणि हरलेलं भरून काढायला दुसरी रात्र उरत नाही. सोबत एक जण असा न्या, जो स्वतः खेळणार नाही आणि दहा वाजता तुमचा हात धरून होडीत बसवेल.

आणखी एक गोष्ट सांगतो. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 साली रद्द झाला. गोव्यात 1976 च्याच कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिन आणि 1996 मध्ये जहाजांवर जुगार आला. पण फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. गोवा सरकारला आपल्या माणसांची जी काळजी वाटली, ती आपल्या घरासाठी आपणच घ्यायला हवी.

मग दोन दिवसांत करायचं काय?

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो आणि या वेळी पहिलं काम पहिलं केलं. शनिवारी सकाळीच फोंड्याजवळ कवळ्याला गेलो. पोर्तुगीजांच्या काळात केळशीचं मूळ देऊळ पाडलं गेलं, तेव्हा देवी इथे आली. आजचं देऊळ अठराव्या शतकात, छत्रपती शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलं. आईने ओटी भरली आणि बराच वेळ मंडपात बसून राहिली. येताना जुने गोवे पाहिलं. पणजीपासून ते दहाएक किलोमीटरवर आहे. 1605 साली पूर्ण झालेलं बॉम जीझस चर्च निवांत बघा, तास सहज जातो.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत फोंतेन्हासमध्ये चाललो. पिवळ्या-निळ्या भिंती, लाल कौलं, खिडकीत वाळत घातलेले कपडे. तिथे माणसं राहतात, म्हणून फोटो विचारून काढा. भाजी-पाव खाऊन जुन्या सचिवालयाशेजारचा आब्बे फारियांचा पुतळा पाहिला. संमोहनविद्येचे हे आद्य अभ्यासक गोव्यातल्या कांदोळीचे. या सगळ्याला फारसे पैसे लागले नाहीत, लागली ती वेळेवर आलेली झोप.

एकदा खेळून थांबता येत नसेल, उधारी होत असेल, घरी खोटं बोलावं लागत असेल, तर तो स्वभावाचा दोष समजून लपवू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मी घरी सांगितलं, तिथेच माझं ओझं अर्धं उतरलं.

त्या दुसऱ्या खेपेला शनिवारी संध्याकाळी आम्ही पणजी-बेती फेरीबोटीत चढलो होतो. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. नदीत कॅसिनोच्या जहाजांचे दिवे लागले होते आणि पाण्यात त्यांचे लाल-निळे पट्टे हलत होते. आई कठड्याला धरून उभी होती. बेतीला पोचल्यावर ती म्हणाली, "उतरायला नको. असेच बसून परत जाऊया." आम्ही दोन फेऱ्या मारल्या.