खुब्याची जुनी दुखापत

मूर्तिजापूर आणि भोवतालच्या गावांतील ज्या वाचकांचा खुबा कधी अपघातात निखळला वा मोडला होता, ज्यांच्या कुबड्या सुटल्या आणि वेदनाही थांबली, त्यांनाच उद्देशून हे लिहीत आहे. कारण वेदना थांबली म्हणजे धोका टळला, हा समज या सांध्यापुरता तरी खरा नाही.

मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला रक्त मिळते ते मुख्यतः हाडाच्या मानेला बिलगून वर जाणाऱ्या बारीक धमन्यांतून, आणि मोटार धडकून गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आदळला व खुबा मागे निखळला, की नेमक्या त्याच धमन्या ताणल्या जातात वा तुटतात. म्हणून निखळलेला सांधा शक्यतो सहा तासांच्या आत बसविण्याची निकड असते. रक्तपुरवठा तुटलेले हाड मरते, पण त्याचा आकार कित्येक महिने तसाच राहतो, एक्स-रेही निर्दोष दिसतो, आणि रुग्ण निर्धास्तपणे शेतीच्या कामाला लागतो. पुढे शरीर ते मृत हाड झिजवून नवे घालू लागते तेव्हा माथा दुर्बळ होऊन भाराखाली खचतो. हे बहुधा पहिल्या दोन वर्षांत घडते, क्वचित पाच वर्षांनीही. बो जॅक्सन या अमेरिकन खेळाडूचा खुबा जानेवारी १९९१ मध्ये मैदानावर दुखावला आणि पुढच्याच वर्षी त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला. तेव्हा शरीर कसलेले आहे, या भरवशावर कोणी राहू नये.

पहिली सूचना जांघेत मिळते, पण पुष्कळदा दुखणे गुडघ्यात जाणवते, आणि मग महिनोन्‌महिने निरोगी गुडघ्यालाच लेप लागत राहतात, याचे मला अतिशय वाईट वाटते. मांडी घालून बसणे जड जाऊ लागले, तर हयगय न करता एमआरआय करून घ्यावा. माथा खचण्यापूर्वी हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करता येतो, व काहींचा सांधा त्याने वाचतो. खचल्यावर बहुधा सांधेबदलच उरतो. मद्य वर्ज्य करावे, स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांवाचून घेऊ नये, आणि ताज्या दुखापतीवर जोराची मालीश तर मुळीच नको, कारण तिने स्नायूंत भलतेच हाड धरण्याची भीती असते.

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात वा अन्यत्र अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाताना जुने एक्स-रे आणि अपघाताच्या वेळचे कागद बरोबर न्यावेत, आणि तक्रार गुडघ्याची असली तरी खुबा पूर्वी निखळला होता, हे आधी सांगावे.