वाळूतील पदयात्रा : ऋतुमानाप्रमाणे वस्त्रे व साहित्य

मराठीत ‘वाळवंट’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. थरसारख्या निर्जल प्रदेशास वाळवंट म्हणतात. तसेच पंढरपुरातील चंद्रभागेच्या काठच्या वाळूसही वाळवंटच म्हणतात. या दोहोंच्या पर्जन्यमानात मोठे अंतर आहे. तथापि तापलेल्या वाळूतून चालणाऱ्यास पडणाऱ्या अडचणी दोन्हीकडे एकाच जातीच्या असतात.

म्हैसूर जिल्ह्यातील नंजनगूड हे गाव कपिला अथवा काबिनी नदीच्या काठी वसले आहे. ही नदी तिरुमकूडलु नरसीपूर येथे कावेरीस मिळते. संगमाच्या खालच्या अंगास, कावेरीच्या वळणावर, पश्चिम गंग राजांची जुनी राजधानी तलकाड आहे. तेथे नदीपात्रातील वाळू वाऱ्याने उडून टेकड्या बनल्या व अनेक देवळे त्यांखाली गाडली गेली. लोककथेत याचे कारण अलमेलम्मेचा शाप असे सांगतात. नंजनगूडच्या विद्यार्थ्यांस वाळूतील पदयात्रेचा अभ्यास करण्यास हे स्थळ सोयीचे आहे.

१. वाळू का तापते?

कोरडी वाळू उष्णतेची मंदवाहक असते. त्यामुळे सूर्याची उष्णता तिच्या वरच्या पातळ थरातच साठून राहते व तो थर हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो. वीतभर खाली मात्र वाळू थंड असते. सूर्यास्तानंतर हाच थर लवकर निवतो. याच कारणाने थरमध्ये हिवाळ्यात दिवसा ऊब व रात्री कडाक्याची थंडी असते.

२. उन्हाळा : मार्च ते मे

राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१.० अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. म्हैसूरकडे उन्हाळा एवढा तीव्र नसतो. परंतु भर दुपारी वाळू येथेही पाय भाजते.

शरीर थंड ठेवण्याचे मुख्य साधन घाम होय. एक लिटर घाम अंगावर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून नेतो. म्हणून वस्त्रे सैल, सुती व पूर्ण बाह्यांची असावीत. सैल वस्त्राच्या आत हवा खेळते. नेगेव वाळवंटातील बदाऊन लोक काळे झगे वापरतात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, झगा सैल असल्यास काळा व पांढरा यांतून त्वचेस पोहोचणारी उष्णता सारखीच असते. काळ्या वस्त्राने शोषलेली अधिक उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाऱ्याने निघून जाते. घट्ट कपड्यास हा नियम लागू नाही.

उन्हात चालणाऱ्यास तासाला सुमारे एक लिटर घाम येऊ शकतो. चार तासांच्या वाटचालीचे पाणी चार किलोग्रॅम भरेल. म्हणून पहाटे निघून दहाच्या आत परतणे इष्ट. पाण्याबरोबर मीठ व साखरही घ्यावी. रुंद काठाची टोपी अथवा उपरणे आणि जाड तळव्यांची पादत्राणे आवश्यक आहेत. देवळांत पादत्राणे काढावी लागतात, म्हणून ती सहज निघणारी असावीत.

चालणारा असंबद्ध बोलू लागला, अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसास पाणी पाजू नये.

३. पावसाळा : जून ते ऑक्टोबर

सह्याद्रीच्या आडोशामुळे येथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस बेताचा पडतो. ऑक्टोबरात मात्र परतीच्या पावसाच्या जोरदार सरी येतात. हलका रेनकोट व कोरड्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ असावी. धरणांतून पाणी सोडल्यास नदी अकस्मात चढते. म्हणून सामान काठावर ठेवू नये व पात्रात उतरू नये.

४. हिवाळा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी

येथे पहाटेपुरता एक स्वेटर पुरतो. थरमध्ये मात्र एकावर एक घालण्याजोगे दोन-तीन थर, कानटोपी व उबदार पांघरूण लागते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब राखते. शिवाय ऊन चढताच एकेक थर काढता येतो. घामाने भिजलेला सुती सदरा रात्री बदलावा, कारण ओले सूत अंगातील ऊब ओढून घेते.

प्रयोग

वाळूने भरलेली बादली उन्हात ठेवावी. दुपारी दोन वाजता वाळूच्या पृष्ठभागाचे, वीतभर खोलीचे व सावलीतील हवेचे तापमान मोजावे. सूर्यास्तानंतर दोन तासांनी तीच मोजमापे पुन्हा घेऊन दोन्ही कोष्टके ताडून पाहावीत.