केटलबेलचा व्यायाम : वजनाआधीं वळण

व्यायामाच्या साधनांत केटलबेल हें दिसावयास अगदीं साधें आहे. लोखंडाचा एक गोळा व त्यावर एक जाड मूठ, एवढेंच त्याचें रूप. परंतु साधें साधनही अज्ञानानें हाताळल्यास हितापेक्षां अहितच अधिक करितें. म्हणून त्याचा योग्य उपयोग कसा करावा, हें आपण येथें पाहूं.

हें साधन मूळचें रशियांतील. तेथें यास ‘गिर्या’ म्हणतात. बाजारांत धान्य तोलण्याचीं हीं वजनें लोक बळ अजमाविण्यासाठीं उचलूं लागले आणि त्यांतूनच हा व्यायाम निघाला. ‘पूड’ हें तेथील जुनें माप सुमारें १६.४ किलोग्रॅमचें. आजच्या स्पर्धांतील १६, २४ व ३२ किलोंचीं वजनें म्हणजे जवळजवळ एक, दीड व दोन पूडच होत. सेंट पीटर्सबर्ग येथें डॉ. क्रायेव्स्की यांनीं १८८५ सालीं व्यायामप्रेमींचें मंडळ स्थापून अशा शक्तिसाधनेस शास्त्रीय वळण दिलें. स्पर्धेंत दहा मिनिटांच्या अवधींत वजन किती वेळां शुद्ध रीतीनें उचललें, हें मोजतात. अर्थात् तेथें केवळ बळ पुरत नाहीं, दमही लागतो.

डंबेलमध्यें भार मुठीच्या दोहों बाजूंस सारखा असतो. येथें तो मुठीपासून दूर असतो. आपल्या तालमींतील मुद्गल फिरवितांना हाच अनुभव येतो. दूर असलेला भार झोका घेतो, व त्या झोक्यास आवरतांना सर्व शरीर कामास लागतें.

आरंभ वजनाशिवाय करावा. पाठीवर उभी काठी धरावी. ती डोक्यास, पाठीस व माकडहाडास टेकली पाहिजे. आतां गुडघे किंचित् वांकवून कंबर मागें न्यावी. काठी तिन्ही ठिकाणीं टेकलेली राहिली, तर कणा सरळ आहे असें समजावें. हें साधल्यावर हलकें वजन जमिनीवरून उचलून पुन्हां ठेवावें. त्यानंतरच झोका शिकावा. वजन दोन्ही मांड्यांमधून मागें जाऊं द्यावें आणि नितंबांच्या जोरानें झटकन् उभें राहावें. वजन छातीइतकें वर येईल. हात मात्र दोरीसारखे सैल असावे. वर येतांना श्वास सोडावा, खालीं जातांना घ्यावा.

नवशिक्यांच्या चुका बहुधा तीन : बैठक मारल्यासारखें खालीं बसणें, हातांनीं वजन ओढणें व पाठ गोल करणें. यांतील तिसरी सर्वांत घातक. थकल्यावर पाठ आपोआप वांकते. म्हणून वळण बिघडूं लागतांच थांबावें, संख्या पुरी करण्याचा हट्ट धरूं नये. मोकळ्या जागीं उभें राहावें, घामेजले हात पुसावे, आणि वजन निसटल्यास तें झेलूं नये; बाजूस सरून पडूं द्यावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें किती किलो उचलले, असें विचारूं नये. कसें उचललें, हें विचारावें. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं हलक्या वजनानेंच त्यास आरंभ करूं द्यावा, व पाठ दुखल्यास व्यायाम बंद करून वैद्यास दाखवावें. विद्यार्थिमित्रांनो, सोबत्याहून जड वजन उचलल्याचा मान घटकाभर टिकतो. कण्यास झालेली इजा मात्र वर्षानुवर्षें सोबत करिते. वळण पक्कें करा. बळ त्याच्यामागून येईल.