जुन्या वस्त्रांचे जतन

इंग्लंडमधील केडलस्टन हॉल या अठराव्या शतकातील वाड्यात लेडी कर्झन यांचा १९०३ च्या दिल्ली दरबारातील मयूर-पोशाख जतन केलेला आहे. त्यावरील जरीकाम भारतीय कारागिरांचे असून मोरपिसांच्या डोळ्यांत सोनकिड्यांच्या पंखांची हिरवी कवचे जडविलेली आहेत. प्रकाशाने रेशीम जीर्ण होते व रंग विटतात. ही हानी दिवसेंदिवस साचत जाते. ती भरून निघत नाही. म्हणून अशी वस्त्रे सुमारे ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात मांडतात; जरीच्या भाराने वीण ताणू नये म्हणून साठवणीत आडवी ठेवतात.

शिक्षकांनी रंगीत कापडाचा तुकडा अर्धा झाकून महिनाभर उन्हात ठेवावा आणि मग झाकण काढून मुलांस दाखवावा. डागडुजीहून सांभाळ श्रेष्ठ, हे त्यांच्या मनावर सहज ठसेल.