पोलिसांची विजेची बंदूक

इटलींतील बोलोन्या शहरीं लुइजी गॅल्व्हानी या अध्यापकानें मेलेल्या बेडकाच्या तंगडीस धातूंचा स्पर्श होतांच ती आंखडते असें पाहिलें, व आपलें निरीक्षण १७९१ सालीं प्रसिद्ध केलें. हा प्रयोग शास्त्राच्या तासाला आम्ही दरवर्षीं सांगतों. मेलेली तंगडी हालली याचेंच मुलांस मोठें नवल वाटतें. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ती ही कीं, स्नायूंना मज्जातंतूंवाटे येणारी आज्ञा विजेच्या रूपानें येते, आणि तशी आज्ञा बाहेरूनहि देतां येते. जिवंत माणसाच्या स्नायूंस अशी परकी आज्ञा दिली तर त्याचें शरीर त्याच्या ताब्यांत राहत नाहीं. अनेक देशांतील पोलीस जी टेझर नांवाची विजेची बंदूक बाळगतात, तिचें सारें मर्म एवढेंच आहे.

ही बंदूक जॅक कव्हर या अमेरिकन शास्त्रज्ञानें तयार केली व १९७४ सालीं तिचें पेटंट मिळविलें. टॉम स्विफ्ट या धाडसी मुलाच्या विजेच्या बंदुकीची एक गोष्ट १९११ सालीं निघाली होती. तिच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून ‘टेझर’ हा शब्द बनला. गोष्टींचीं पुस्तकें अगदींच वायां जात नाहींत, असें पालकांनीं यावरून समजावें.

तिची क्रिया अशी. घोडा ओढतांच दाबलेल्या नायट्रोजन वायूच्या जोरानें दोन लहान बाण सुटतात. प्रत्येकाच्या टोंकास माशाच्या गळासारखा उलटा कांटा असतो व मागें बारीक तार बंदुकीपर्यंत आलेली असते. दोन्ही कांटे अंगांत वा कपड्यांत रुतले म्हणजे विजेचें मंडल पूर्ण होतें. २००३ सालीं निघालेल्या एक्स-२६ नांवाच्या बंदुकींतून सेकंदास सुमारें १९ ठोके, असे ५ सेकंद बसतात. तेवढा वेळ स्नायू ताठ होतात व मनुष्य उभ्याउभ्या कोसळतो. हिच्या वर्णनांत ५०,००० व्होल्ट हा आंकडा नेहमीं येतो, पण त्यानें दचकूं नये. एवढा दाब हवेंतील व कपड्यांतील अंतर ओलांडण्यापुरता असतो. अंगावर पोहोंचतो तो सुमारें १,२०० व्होल्ट, आणि सरासरी प्रवाह अवघा दोनतीन मिलिअँपियर. विजेचा दाब निराळा व प्रवाह निराळा हें परीक्षेंत ज्यांच्या हमखास विसरण्यांत येतें, त्यांनीं हें उदाहरण घोकून ठेवावें.

या साधनाचा उपयोग आहे यांत शंका नाहीं. हातांत सुरा घेऊन धांवून येणाऱ्यावर गोळी झाडावी तर तो मरेल, न झाडावी तर दुसरा कोणी मरेल, अशा क्षणीं कोणाचाहि जीव न घेणारा मार्ग मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंड व वेल्समध्यें टेझर वापरल्याच्या ज्या नोंदी होतात, त्यांपैकीं बहुतेकांत ती प्रत्यक्ष झाडलेली नसते. नुसती रोखल्यानेंच काम भागतें.

परंतु झाडल्यावर ती लागेलच असें नाहीं. बाण जसजसे पुढें जातात तसतसे एकमेकांपासून दूर होतात. मनुष्य फार जवळ असला तर दोन कांट्यांमधील अंतर चारदोन बोटें राहतें, थोडेच स्नायू आंखडतात, आणि तो चिडून अधिकच अंगावर येतो. फार दूर असला तर एखादा बाण चुकतो, व एक चुकला कीं मंडल अपुरें राहून दुसराहि फुकट जातो. जाड कोट घातलेल्या माणसाचें रक्षण तर त्याचा शिंपीच करतो! अमेरिकेंतील एका नभोवाणी संस्थेच्या वार्ताहरांनीं २०१५ ते २०१७ या तीन वर्षांतील प्रकरणें धुंडाळलीं, तेव्हां टेझर निष्फळ होऊन शेवटीं पोलिसांच्या गोळीनें माणूस मेला अशीं २५० हून अधिक प्रकरणें निघालीं. याहून चमत्कारिक धोका हाताच्या संवयीचा. ११ एप्रिल २०२१ रोजीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत एका अनुभवी महिला अधिकाऱ्यानें ‘टेझर, टेझर’ असें ओरडत खरेंच पिस्तूल झाडलें. डॉन्ट राइट हा २० वर्षांचा तरुण मेला, व डिसेंबरांत ती अधिकारी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली.

हे यंत्राचे व हाताचे दोष झाले. ते सुधारतां येतील. आमच्या मतें खरा प्रश्न असा कीं, ही बंदूक कशाच्या जागीं आली? गोळीच्या जागीं आली असेल तर तिचें स्वागत करावें. शब्दाच्या व धीराच्या जागीं आली असेल तर काय होतें, हें कॅनडांतील व्हँकूव्हरच्या विमानतळावर दिसलें.

रॉबर्ट जेकान्स्की हा ४० वर्षांचा पोलिश गृहस्थ आईजवळ राहावयास म्हणून ऑक्टोबर २००७ मध्यें तेथें उतरला. त्यास इंग्रजी येत नव्हतें. सुमारें १० तास तो विमानतळांतच राहिला. बाहेर त्याची आई वाट पाहत होती. मुलगा आलेला नाहीं असें सांगण्यांत आल्यामुळें ती अखेर घरीं परतली. मध्यरात्रीनंतर तो गोंधळून सामान फेकूं लागला. चार पोलीस आले. त्याच्या हातांत कागद टांचण्याचें यंत्र होतें. दुभाषा बोलावला गेला नाहीं, आणि पोलीस आल्यावर एक मिनिट लोटण्यापूर्वींच टेझर चालली. एकंदर पांच वेळां. १४ तारखेच्या पहांटेपूर्वींच तो तेथल्या फरशीवर मेला. पुढें न्यायमूर्ति ब्रेडवुड यांनीं चौकशी करून २०१० सालीं निर्णय दिला कीं, टेझरचा हा वापर समर्थनीय नव्हता. त्यापूर्वीं २००९ च्या अहवालांत त्यांनीं सुचविलें होतें कीं, मनुष्य कोणास शारीरिक इजा करीत असेल वा लगेच करील अशी स्थिति असेल, आणि समजूत घालण्याचे उपाय निष्फळ ठरतील, तेव्हांच ही बंदूक वापरावी. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारनें त्या सूचना मान्य केल्या.

हा नियम सोपा दिसतो, पण समोरचा मनुष्य कोण आहे हें पाहिल्याखेरीज तो पाळतां येत नाहीं, आणि तें पाहणें यंत्राच्या हातीं नाहीं. १७ मे २०२३ रोजीं ऑस्ट्रेलियांतील कूमा गांवच्या वृद्धाश्रमांत क्लेअर नाउलंड या ९५ वर्षांच्या आजीबाई पहांटे चाकू घेऊन फिरत होत्या. त्यांस स्मृतिभ्रंश झाला होता, व चालण्यासाठीं चौकटीचा आधार लागे. चाकू खालीं ठेवा असें त्यांस पुन्हां पुन्हां सांगण्यांत आलें. सांगितलेलें त्यांच्या ध्यानांत कितपत येत असेल, हें ज्यांच्या घरीं असें वृद्ध माणूस आहे ते जाणतील. एका शिपायानें टेझर झाडली. आजीबाई पडल्या, डोक्यास मार लागला, व आठवड्यानें वारल्या. नोव्हेंबर २०२४ मध्यें ज्यूरीनें त्या शिपायास मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें. मार्च २०२५ मध्यें न्यायालयानें त्यास तुरुंगांत न धाडतां दोन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा दिली.