फाट्याच्या पुढचा तांडा : पुरानंतरच्या मदतीचे अनुभवाचे बोल

नैसर्गिक आपत्तीनंतरच्या मदतीचा उपयोग ती किती पाठवली यापेक्षा कोणाला विचारून पाठवली यावर अधिक अवलंबून असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १०,००० माणसे दगावल्यानंतर लोकांनी सढळ हाताने मदत केली आणि ते औदार्य मराठवाडा विसरलेला नाही. मात्र २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दानात आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले, हेही तितकेच खरे आहे.

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न आता वारंवार उभा राहतो. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की शासनदरबारी त्याला अतिवृष्टी म्हणतात. तशा पावसाने जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात घराघरांत पाणी शिरले आणि सप्टेंबर २०२४ च्या आरंभी जिल्हाभर शेते पाण्याखाली गेली. अशाच एका पुरानंतर प्रस्तुत लेखक ज्या मदतगटात होता, त्याने दुसऱ्याच दिवशी कपड्यांचा व बिस्किटांचा टेम्पो नेला आणि तो पक्का रस्ता संपला तिथे, म्हणजे फाट्यावरच्या गावात, रिकामा केला. त्या गावाला आधीच तीन वाहने येऊन गेली होती, तर चिखलाच्या वाटेने दीड कोस आत असलेल्या तांड्यावर एकही पोचले नव्हते. उरलेली गाठोडी शाळेच्या ओट्यावर ठेवली गेली, ती भिजली, त्यांना बुरशी आली, आणि शाळा भरवण्याआधी ती उचलून नेण्याचे काम ज्यांच्या घरांतला गाळ अजून निघाला नव्हता त्याच बायांवर आले. ही चूक टाळता येण्याजोगी होती, कारण निघण्यापूर्वी सरपंचाला, आशाताईला आणि तांड्याच्या नाईकाला तीन फोन केले असते तरी पुरे होते. त्यांनी कपडे नव्हे, तर ताडपत्री, कडबा आणि पाणी शुद्ध करण्याचे औषध मागितले असते.

त्याहून मोठी मदत कागदाची असते, आणि तिच्याकडे दात्यांचे लक्ष फारसे जात नाही. पंचनामा म्हणजे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांनी जागेवर येऊन केलेली नुकसानीची नोंद. शासकीय मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान तीत दिसावे लागते. सोयाबीनचे नुकसान डोळ्यांना दिसते, कारण भिजलेल्या शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो. वसमतच्या हळदीचे मात्र तसे नसते, कारण सरीत पाणी साचून लागलेली कंदकूज जमिनीखाली वाढते आणि पंचनाम्याच्या दिवशी हिरवी दिसणारी पाने पुढे काही आठवड्यांनी पिवळी पडतात, तेव्हा रोप उपटले की हातात गड्ड्याऐवजी लिबलिबीत, वास मारणारा गोळा येतो. म्हणून मदतगटाने दोन-चार रोपे उपटून दाखवण्याचा व फेरपाहणीचा अर्ज वेळेत देण्याचा आग्रह धरावा, आणि ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही अशा बटईदारांची वेगळी यादी करावी. शासनाची रक्कम खातेदाराच्या नावावर जमा होते, आणि बटईने केलेल्या शेतात बियाणे, खत व घाम ज्याचा गेला तो बटईदार कोणत्याच तक्त्यात बसत नाही. लोकांच्या देणगीवर पहिला हक्क खरे तर त्याचा आहे.

भूकंपात गरज आणखी वेगळी असते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुका हादरला, तेव्हा पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत असे आवाहन प्रशासनाने केले. म्हाताऱ्या माणसांच्या घरांवरचे ते दगड उतरवायला चार तरुण आणि एक शिडी लागते, वर्गणी लागत नाही.

टेम्पो फाट्यावरच रिकामा झाला त्या पुरानंतर लेखकाच्या मदतगटाने पद्धत बदलली. आता पहिल्या दिवशी टेम्पो निघत नाही, तर वही घेतलेला एक माणूस मोटारसायकलने फाट्याच्या पुढे जाईल तितका जातो आणि उरलेली वाट चालतो. जमलेल्या रकमेतील निम्मी रक्कम राखून ठेवली जाते, आणि वाफसा आल्यावर, बातमीदार व वाहने कधीचीच परतलेली असताना, तिच्यातून यादीतल्या बटईदारांच्या घरी हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी पोचते.