संगणकाची तटबंदी

जळगावहून धुळ्याकडे जाताना पारोळ्याचा भुईकोट किल्ला लागतो. भोवती खंदक, तट आणि ये-जा करण्यास दरवाजा. संगणकांच्या जाळ्यातील ‘फायरवॉल’ ही अशीच तटबंदी होय. माहितीचा प्रत्येक तुकडा कोठून आला, कोठे निघाला व कोणत्या ‘पोर्ट’ने म्हणजे दाराने चालला, हे ती ठरलेल्या नियमांशी ताडून पाहते. ज्याला मुभा दिलेली नाही त्याला मज्जाव, हाच त्यातला उत्तम नियम.

परंतु तट बांधला म्हणजे काम संपले असे नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. एटीएमवरून होणारी विचारणा बँकेच्या मुख्य संगणकाकडे न जाता चोरांच्या बनावट यंत्रणेकडे वळली आणि तीच होकार देत राहिली. म्हणूनच तटाच्या आतही तट हवेत : एटीएमची यंत्रणा वेगळी, कर्मचाऱ्यांचे संगणक वेगळे, आणि नोंदींवर अखंड नजर.

आमच्या घरात पासबुक वाचता येणारी मीच पहिली. वडिलांच्या कापसाचे पैसे आता अशाच जाळ्यातून येतात. तेव्हा हा विषय केवळ विज्ञान शाखेचा, असे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी समजू नये.